नापासकाकांची टेकडी

नोकरीत असताना त्यांनी इतक्या लोकांना नापास केलं होतं, की निवृत्त झाल्यावर गावात मोकळेपणानं हिंडायची सोय उरली नव्हती. ते वाहन परवान्याच्या परीक्षा घ्यायचे. पहिल्या खेपेला कुणालाही पास करायचं नाही, हा काही सरकारी नियम नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. माणूस एकदा नापास झाला की जन्मभर आरशात बघून गाडी वळवतो, असं त्यांचं म्हणणं. लोक तोंडावर त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळली की नापासकाका. पाववाला, हवालदार, दातांची डॉक्टरीण, सगळे त्यांच्या हातून गेलेले.

घरचंही कुणी सुटलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकूंनी मोठ्या हौसेनं परीक्षा दिली. नवऱ्यानं बायकोला पास केलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं काकांनी त्यांना जरा जास्तच कसून नापास केलं. काकूंनी त्यानंतर कधी चाकाला हात लावला नाही. विषय मिटला, असं काका धरून चालले. पुरुषांचे असे बरेच विषय परस्पर मिटलेले असतात.

निवृत्तीनंतर काकांनी गावाबाहेरची एक टेकडी घेतली, निम्मी स्वतःच्या नावावर, निम्मी काकूंच्या. पायथ्याशी दोन खोल्यांचं घर, मागे शेड, फाटकापाशी थोडी सपाट जागा, आणि चढाच्या मध्यावर एक झरा. झऱ्याचं पाणी नळीनं थेट घरावरच्या टाकीत यायचं. काका दिवसातून निदान एकदा झऱ्यापर्यंत चढून जायचे आणि काही कारण नसताना त्याच्याकडे बघत उभे राहायचे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गोष्टीत चूक सापडत नव्हती.

मग मोटरसायकलवाले आले.

रविवारी सकाळी आठ-दहा जण यायचे. जाड टायर, चिखलानं माखलेले बूट, तोंडं शिरस्त्राणात. टेकडीला कुंपण नव्हतं, फाटक होतं ते फक्त रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे ते मागच्या अंगानं चढायचे आणि सगळी टेकडी उभी-आडवी घुसळून काढायचे. झऱ्याचा ओहोळ त्यांना विशेष प्रिय. त्यातून गाडी भरधाव काढली की चिखलाचं कारंजं उडायचं आणि मागचा माणूस आनंदानं किंचाळायचा.

तो सगळा आनंद सोमवारी सकाळी काकूंच्या किटलीत उतरायचा.

"अहो, हे पाणी म्हणायचं का?" काकूंनी पेला काकांच्या नाकासमोर धरला. आत चहा घालायच्या आधीच चहाचा रंग होता.

"गाळून घे."

"गाळून गाळून फडकी संपली. हे बघा, मला असलं पाणी नको आणि हे असं अडकून पडणंही नको. साधं दोऱ्याचं रीळ आणायचं तरी तुमच्या गाडीत बसायचं, आणि बसलं की पुढचा कसा चुकीचा चालवतोय ते सगळा रस्ताभर ऐकायचं. थंडी संपेपर्यंत काय ते बघा. नाहीतर मी ताईकडे जाऊन राहीन."

काकूंच्या थोरल्या बहिणीचं घर घाटाच्या पलीकडे होतं आणि तिथे एक खोली कायम रिकामी असायची. म्हणजे ही पोकळ धमकी नव्हती. काकूंशिवाय काकांना एक संध्याकाळ करमत नसे. हे त्यांनी काकूंना अर्थातच कधी सांगितलं नव्हतं. पण एवढ्या बोलण्यातलं त्यांच्या कानांनी उचललं ते फक्त पाणी. बाकीचं नेहमीसारखं वाऱ्यावर गेलं.

काका कामाला लागले. ओहोळाच्या अलीकडे त्यांनी चांगला कमरेइतका चर खणला. दोन दिवस कंबर धरून खणला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना झोप लागेना. कुणी वेगात आला आणि चरात आपटला तर? माणूस बेकायदा आला म्हणून त्याला सूचना न देता पाडायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. ते शेडमध्ये गेले, पत्रा कापला, लाल काठाचा त्रिकोण रंगवला आणि चराच्या आधी योग्य अंतरावर ठोकला: "पुढे चर आहे. वेग कमी करा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी वाटेवर आडवे ओंडके टाकले आणि आधी पाटी लावली: "अडथळा. एका रांगेत चला." मग उतारावर दगडांची रास रचली आणि ज्या वळणावरून ती दिसत नव्हती, त्या वळणावर बाण रंगवला. शेवटी तर एका ठिकाणी त्यांनी "तीव्र उतार" असं लिहिलं, जिथे अडवायला काहीच नव्हतं. नुसता उतार तीव्र होता आणि काकांना राहवलं नाही.

"तुम्ही त्यांना हाकलताय की बोलावताय?" काकूंनी विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही," काका म्हणाले.

रविवारी आठ-दहांच्या जागी वीस-पंचवीस आले.

काका झुडपामागे बसून बघत होते. पहिला गडी चरावरून उडाला आणि पलीकडे अलगद उतरला. दुसऱ्यानं ओंडक्यांवरून पुढचं चाक उचलून घेतलं. दगडांच्या राशीपाशी तर रांग लागली, आणि रांग पाटीवर लिहिल्याप्रमाणे एकेरी होती. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाड्यांचे नंबर टिपायला म्हणून ते बसले होते, पण सवय वाईट. थोड्या वेळात ते स्वतःशीच पुटपुटू लागले, "क्लच सोडला... खांदा बघ कसा पडलाय... हा नापास... हाही नापास..."

तेवढ्यात एक गाडी त्यांच्या झुडपापाशीच थांबली. चालवणारीनं शिरस्त्राण काढलं. ती दातांची डॉक्टरीण होती.

"साहेब! तुम्ही? म्हणजे हा ट्रॅक तुम्ही बांधलात?" तिनं मागे वळून हाक मारली, "अरे, या रे सगळे! हेच ते!"

बघता बघता काकांभोवती कडं झालं. पाववाल्यानं हातमोजा काढून त्यांचा हात हातात घेतला. "काय काम केलंय, साहेब! एवढ्या टेकड्या हिंडलो, पण अशा पाट्या कुठे बघितल्या नाहीत. नाहीतर आम्ही मरतोय की जगतोय, कोण विचारतो?"

"ही माझी खाजगी जागा आहे!" काका ओरडले. "ते सगळं तुम्हाला अडवायला केलंय!"

डॉक्टरणीनं चराकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. "अडवायला? मग पाटी कशाला लावली?"

"तुम्ही पडू नये म्हणून!"

आणि काकांनी एवढे दिवस साठवलेलं एका दमात बाहेर काढलं. त्यांनी झऱ्याचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, काकू ताईकडे जायला निघाल्यात तेही सांगून टाकलं. बोलता बोलता मूळ स्वभाव उफाळून आला. "आणि एवढं करून चालवता तरी येतं का तुम्हाला? वेगात कुणीही चालवेल. सावकाश चालवून दाखवा! तुमच्यातला एकही जण पाय न टेकता आठ काढू शकणार नाही."

हे मात्र लागलं. खाजगी जागा, झरा, काकू, हे सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं; पण चालवता येत नाही म्हटल्यावर पंचवीस माना एकदम वर झाल्या.

"ठरलं," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही आठ आखा. जो काढेल, त्याला टेकडी मोकळी. नाही काढला, तर झऱ्याकडे फिरकायचं नाही."

काकांनी फाटकाजवळच्या सपाट जागेत दगडांनी इंग्रजी आठाचा आकडा आखला. असा आखला, की त्यातून सायकलनं जातानाही माणसाला घाम फुटावा. मग ते कडेला हात मागे बांधून उभे राहिले, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला.

पाववाल्याचा पाय पहिल्याच वळणावर टेकला. डॉक्टरीण दुसऱ्या वळणापर्यंत गेली आणि आडवी झाली. एक उंच तरुण तर दगडांवर चढून थेट शेडच्या दारात जाऊन थांबला. दुपारपर्यंत सगळे झाडून नापास झाले. आणि माणसं दिलेल्या शब्दाची निघाली. झऱ्याकडे न बघता, गाड्या ढकलत रस्त्यावर गेली.

पुढच्या रविवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही. उड्या मारून गाव गाजवलेले लोक आता मुंगीच्या पावलांनी गोल गोल फिरत होते आणि काका "नजर पुढे! चाकाकडे काय बघतोस!" म्हणून खेकसत होते. गावात जाऊन ही मंडळी आठवडाभर सराव करायची म्हणे. बघायला काकू व्हरांड्यात येऊन बसायच्या आणि कुणी पडलं की काकांच्या आधी त्या सांगायच्या, "डावीकडे झोक गेला."

त्याच सुमारास काकूंची दाढ दुखायला लागली. काका त्यांना आठवड्यातून दोनदा डॉक्टरणीच्या दवाखान्यात सोडायचे आणि स्वतः बाहेर गाडीत बसून राहायचे, कारण समोर कुणी ना कुणी गाडी वाकडी लावलेली असायची आणि ते त्यांना बघवत नसे, पण सोडवतही नसे. दाढेचं काम काही संपेना. तास तास लागायचा. काकू बाहेर यायच्या त्या घामाघूम होऊन, बुटांना धूळ लागलेली, आणि चेहरा असा प्रसन्न, की दाढदुखीवाल्या माणसाचा कधी नसतो.

"फार दुखतंय का गं?" काका विचारायचे.

"सवय झाली आता," काकू म्हणायच्या.

दवाखान्याच्या मागे एक मोठं अंगण होतं. पण काकांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

थंडी सरत आली तसा झरा निवळला. एका रविवारी सकाळी काकांनी स्वयंपाकघरातल्या नळाखाली काचेचा पेला धरला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. तळाशी कणसुद्धा नव्हता. फाटकापाशी गाड्या घुमत होत्या, ऊन पडलं होतं, आणि आपण जिंकलो याबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका उरली नव्हती. ते तो पेला दोन्ही हातांनी धरून आतल्या खोलीत गेले.

"बघ! आहे का नितळ?"

काकू पिशवीत साडी ठेवत होत्या. त्यांनी पेला घेतला, पाणी पिऊन टाकलं आणि पेला परत दिला. "छान झालंय. मी ताईकडे चाललेय."

काकांनी रिकामा पेला पुढे केला. "अगं, पण पाणी..."

"पाण्याचं मी एकदा बोलले. अडकून पडलेय हे रोज बोलत होते. तुम्ही पाणी तेवढं ऐकलंत."

ते खरं होतं. काकांनी खुंटीवरून गाडीची किल्ली काढली आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "चल, सोडतो. रस्ताभर एक शब्द बोलणार नाही."

"नको," काकू म्हणाल्या, आणि पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडल्या.

फाटकापाशी डॉक्टरीण आपली जुनी स्कूटर घेऊन उभी होती. काकूंनी तिच्याकडून शिरस्त्राण घेतलं, पट्टा आवळला, आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला. काका व्हरांड्याच्या पायरीवर तसेच थिजले. गाड्यांच्या गर्दीनं सरळ वाट अडली होती, मोकळा होता तो फक्त आठ. काकू त्यात शिरल्या. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर स्कूटर क्षणभर डगमगली आणि पंचवीस जणांनी श्वास रोखला. काकूंनी चाकाकडे बघितलं नाही. त्या नजर पुढे ठेवून वळल्या, मधल्या फुलीवरून सरळ निघाल्या, हात दाखवून फाटकातून रस्त्यावर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मग जी आरोळी उठली, तिनं झाडावरची पाखरं उडाली.

"लायसन्स?" काकांच्या तोंडून एवढंच निघालं.

"आहे ना," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी दिलं. पहिल्याच खेपेला."

त्या दिवशी काकांनी कुणालाच नापास केलं नाही. कुणी परीक्षाच दिली नाही. मंडळी हळूहळू पांगली. पाववाल्यानं जाताना एक पाव व्हरांड्यात ठेवला. काकांनी तो खाल्ला नाही. घाटात वळणं फार आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? प्रत्येक वळण त्यांनी मनातल्या मनात पन्नासदा घेतलं. त्याहून वाईट म्हणजे, काकू व्यवस्थित पोचल्या असतील याची त्यांना खात्री होती. पोचल्या, आता ताई खोली झाडून देईल, आणि इथे ही टेकडी, हा झरा आणि आपण. एकट्यानं इतकं नितळ पाणी पिऊन करायचं काय, हे त्यांना कळेना.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ते फाटकात येऊन उभे राहिले. कुणाची वाट बघतोय असं वाटू नये म्हणून बिजागरीला तेल घालायची डबी हातात घेतली होती. बिजागरी ठणठणीत होती.

स्कूटर वळणावरून सावकाश आली आणि त्यांच्यासमोर थांबली. काकूंनी शिरस्त्राण काढलं. केस विस्कटले होते, नाक वाऱ्यानं लाल झालं होतं.

सबंध दिवसात जुळवलेलं बोलणं काका साफ विसरले. "ताईनं राहा नाही म्हटलं?"

"म्हटलं की. चांगली महिनाभर राहा म्हणाली."

"मग?"

"मग काय? आता हवं तेव्हा जाता येतं मला. आजच राहायची घाई कशाला?"

काकांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही, कारण दोन्ही हात तेलकट होते. "मला तुझ्याशिवाय करमलं नाही," ते म्हणाले. हे त्यांना वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही.

काकूंनी स्कूटर पुन्हा चालू केली.

"बरं, आता सरका बाजूला. गाडी आत घ्यायचीय मला."