शंभरातले तीन

मी शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातला कॅल्क्युलेटर बोलतोय. माझं सातचं बटण जरा रुसकं आहे, दोनदा दाबावं लागतं. पण खोटं बोलायची सवय मला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे हजारो भाऊ होते. कोण कुठे गेलं, कुणास ठाऊक. मला दुकानातल्या बाईंनी आणलं. त्यांचे यजमान कारागीर. हातात जादू, पण आकडेमोड म्हटली की अंगावर काटा!

मध्यंतरी दुकानात शुकशुकाट झाला. मी आठवडेच्या आठवडे धूळ खात पडलो. एका सकाळी कारागीर लंगडत, पण उत्साहाने आत आले.

"अगं, पाच हजार घरी दुकानाच्या जाहिरातीची पत्रं पाठवू! पत्त्यांची यादी विकत मिळतेय. शंभरातले दहा तरी येतीलच."

"आणि पैसे?"

"गुडघ्याच्या ऑपरेशनचे आहेत ना!"

बाईंनी मला पुढे ओढलं. छपाई, पाकीट, तिकीट मिळून पत्रामागे बारा रुपये. पाच हजारांना साठ हजार. एका दुरुस्तीत सुटतात चारशे. भागाकार केला आणि माझ्या काचेवर दीडशे उमटलं.

"म्हणजे शंभरातले तीन आले तर कुठे खर्च निघेल. त्यापुढे नफा."

"तीनच ना? मग काय!"

"अहो, आपल्याला येणारी जाहिरातीची पत्रं तुम्ही किती उघडता?"

कारागिरांनी कोपऱ्यातली न उघडलेली पाकिटं हळूच मागे सरकवली. माणसांचं हे मला नेहमी नवल वाटतं. स्वतः न उघडलेलं पाकीट दुसरा उघडेल, अशी त्यांची खात्री असते.

शेवटी आधी तीनशेच पत्रं टाकायचं ठरलं. दोनशे साठ पत्ते यादीवाल्याने नमुना म्हणून दिले. उरलेले चाळीस बाईंनी जुन्या गिऱ्हाइकांच्या वहीतून घेतले.

पंधरा दिवसांत पाच फोन आले. शंभरात तीनच्या हिशेबाने हवे होते नऊ. कारागीर स्टुलावर मटकन बसले. "म्हणजे लोकांना मी नकोच झालोय."

बाई नावं ताडून पाहत होत्या. "पाचही जण आपल्या वहीतले आहेत," त्या म्हणाल्या. "ज्यांनी तुमचं काम पाहिलंय, त्यांना तुम्ही हवे आहात."

कारागिरांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

मग वहीतल्या उरलेल्या तीनशे साठ जणांना पत्रं गेली. खर्च निघायला अकरा गिऱ्हाइकं पुरली असती, आली एकोणतीस! त्या दिवशी माझी बटणं दाबताना बाई चक्क गुणगुणत होत्या. ऑपरेशनच्या पैशांना धक्का लागला नाही, आणि पुढच्या महिन्यात ते झालंही.

आता माझी काच अंधुक झालीय, पण मी मजेत आहे. काल शेजारची बेकरीवाली आली. तिलाही घरोघर पत्रं पाठवायची आहेत.

"समजा, शंभरातले वीस आले—" तिने सुरुवात केली.

"समजा नको," बाई माझ्यावरची धूळ फुंकत म्हणाल्या. "आधी थोडी पाठव. मग किती आले ते ह्याला सांग."

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. आणि उत्तर मनासारखं आलं नाही, तर मला आपटू नका.