अक्काच्या नावावर

उजवा हात लॉंड्रीच्या प्रेसखाली भाजला तेव्हा मी जेवढी ओरडले नसेन, तेवढी त्या सरकारी खिडकीसमोर ओरडले. का ओरडले ते सांगते, पण नियम मला विचारू नका. ते मला अजून कळलेले नाहीत.

हॉस्पिटलच्या चादरी जिथे धुतात, तिथे मी इस्त्रीवर होते. हात गेला तसं कामही गेलं. मग महिन्याची सरकारी मदत सुरू झाली. ज्याच्या खात्यात काहीच नाही त्यालाच ती मिळते, आणि त्या बाबतीत मी अगदी पहिल्या नंबरात होते. बरोबरच्या बायकांनी माझ्यासाठी वर्गणी काढली. त्यांना कोणीतरी सांगितलं, रोख दिलेत तर तिची मदत कापतील, वस्तू द्या. त्यांनी वस्तू दिली. इस्त्री! नवी कोरी, वाफेची. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी सगळ्यांना चहा केला.

पुढे लॉंड्रीने भरपाई दिली. एवढे पैसे आयुष्यात एकदम पाहिले नव्हते, त्यामुळे मी आधी घाबरलेच. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला विचारलं. त्याला सगळे वकील म्हणतात. कोर्टात तो एकदाच गेला होता, तेही कोणाच्या तरी कोटाचं माप घ्यायला, पण सल्ला द्यायला कधी मागे हटत नाही.

"ताई, खात्यात एवढी रक्कम दिसली की मदत बंद. दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाका."

"अहो, पण ही हाताची भरपाई आहे."

"सरकारला हात दिसत नाही, ताई. खातं दिसतं."

दुसरं कोण असणार? अक्का. माझी मोठी बहीण, आईच्या मागे मला तिनेच वाढवलं. मागच्या गल्लीत एका खोलीत एकटी राहते. डोळ्यांनी कमी दिसतं, पण त्या खोलीतली प्रत्येक वस्तू तिच्या हाताला पाठ आहे. खोलीचं भाडं सरकार भरतं, कारण तिच्याही खात्यात काही नव्हतं. नव्हतं, म्हणजे मी माझे पैसे तिथे टाकेपर्यंत. पण तिची खिडकी वेगळी, माझी वेगळी. या दोन खिडक्या एकमेकींशी बोलत असतील असं कोणाच्या डोक्यात येईल? आगीतून फुफाट्यात पडलो, ते असं.

अक्काला बोलावणं आलं. मीही गेले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तू गप्प बसायचं. बोलायचं मी."

खिडकीवरची बाई वाईट नव्हती, दमलेली होती. तिने विचारलं, "आजी, एवढे पैसे कुठून आले?"

"माझेच. साठवलेले."

"कशातून?"

"काटकसरीतून."

"मग तुमचं भाडं आता बंद होईल. हे पैसे संपले की परत अर्ज करा."

"होऊ दे," अक्का म्हणाली.

मला राहवलं नाही. "बाई, ते पैसे माझे आहेत! अपघाताच्या भरपाईचे!"

ती चमकली. "मग यांच्या खात्यात कशाला ठेवलेत? अपघाताची भरपाई आम्ही पहिलं वर्षभर मोजतच नाही. तुमच्याकडे राहिली असती तर तुमची मदतही चालू, यांचं भाडंही चालू."

"म्हणजे मी लपवले नसते तर..."

"तर काहीच झालं नसतं."

माझं डोकं गरगरायला लागलं. "बरं, मग आत्ता परत घेते."

"यांचे म्हणून परत घेतलेत तर ती बहिणीने दिलेली भेट. ती आम्ही मोजतो. आणि यांनी पैसे देऊन टाकले, तरी ते यांच्याकडेच आहेत असं धरतो."

एकच पैसा माझ्याकडे पण आणि तिच्याकडे पण? मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं, आणि मला आधी जेवढं कळलं होतं तेही गेलं.

"मग करायचं काय हो आम्ही?"

"यांनी फक्त खरं सांगायचं. पैसे तुमचे, यांच्याकडे नुसते ठेवायला दिलेले. मी हे पुसून टाकते."

एवढंच? मी हुश्श केलं आणि अक्काकडे पाहिलं. अक्का खिडकीवाल्या बाईकडे बघून हसली.

"ही लहानपणापासून अशीच आहे. माझं जे दिसेल ते स्वतःचं म्हणते. फ्रॉक, पाटी, अंथरुणातली भिंतीकडची जागा."

"अक्का! मोजत नाहीत म्हणतायत त्या!"

तिने मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "वकील म्हणाला मोजतात. ही म्हणते मोजत नाहीत. उद्या तिसरा येईल आणि मोजेल. तुझा हात गेलाय. माझी मदत गेली तर नुसती खोली जाईल."

मी ओरडले ती तेव्हा. दातांनी उजव्या हातावरचा हातमोजा ओढून काढला आणि हात खिडकीच्या फळीवर ठेवला. "हे बघा! हे कोणाच्या काटकसरीतून आलं?" बाईने हाताकडे पाहिलं, मग अक्काकडे.

"आजी, शेवटचं विचारते. पैसे कोणाचे?"

अक्काने चाचपून माझा हात उचलला. रोज सकाळी माझ्याकडे येऊन घालते तसा एकेक बोट सरळ करत हातमोजा घातला, मनगटापाशी नीट केला.

"माझे," ती म्हणाली.

बाहेर आलो. बाकावर टेकलो. मला तिचा इतका राग आला होता की तिला मिठी मारावी की गदागदा हलवावं ते समजेना.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पैसे तुझे ना? मग या महिन्याचं भाडं त्यातूनच भर."

मला वेड लागलं असावं अशा चेहऱ्याने अक्का माझ्याकडे वळली.

"त्यातून? ते कसे घेऊ गं मी? ते तुझ्या हाताचे आहेत."