चिणगीच्या ओढ्यातला झेंडा

देवीशरणचे शेवटचे पत्र भाद्रपदात आले, आणि ते त्याच्या हस्ताक्षरात नव्हते.

काशीच्या पाठशाळेत आम्ही चार वर्षे एका खोलीत राहून व्याकरण शिकलो. पुढे मी सौंसरला संस्कृतचा शिक्षक झालो आणि तो हिमाचलातल्या आपल्या गावी देवीचा पुजारी. बेचाळीस वर्षे आम्ही एकमेकांना संस्कृतात पत्रे लिहीत आलो; भेट मात्र एकदाही झाली नाही. या वेळचे पत्र त्याच्या नातवाने हिंदीत लिहिले होते. आजोबांची दृष्टी गेली आहे, एका डोळ्याला उजेड तेवढा कळतो. आश्विन पौर्णिमेला देवीचे दार हिवाळ्यासाठी बंद होईल आणि त्याच दिवशी थोरले चिरंजीव त्यांना घेऊन जातील. थोरले चिरंजीव अंदमानात नोकरीला होते. तेथून आजोबा पुन्हा वर येणार नाहीत. यायचे असल्यास त्याआधी यावे.

मला जाणे का भाग होते, ते पत्रांत कधी आले नव्हते. काशी सोडण्याआधी महिनाभर मी देवीशरणशी अबोला धरला होता. कशावरून, ते आज सांगता येत नाही. एखाद्या सूत्राच्या अर्थावरून असेल किंवा आंघोळीच्या पाण्यावरून. तो मला स्थानकावर पोचवायला आला, माझी वळकटी त्याने डब्यात चढवली, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला, आणि मी तोंड उघडले नाही. पुढे काही महिन्यांनी पत्रे सुरू झाली, पण त्या दिवसाचा उल्लेख दोघांनीही टाळला. तोंडाने राहून गेलेले तोंडानेच फेडावे लागते, अशी माझी समजूत आहे. त्याच्यासमोर एकदा बसून बोलायचे होते, एवढेच.

त्या गावी मोटारीने फिरून जायचे तर चार दिवस जास्त लागत, आणि पावसाळ्यातल्या दरडींमुळे तो रस्ताही भरवशाचा राहिला नव्हता. जवळची वाट पायी होती: अलीकडच्या खोऱ्यातल्या चिणगी गावातून चढायचे, धुनेरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे उतरायचे. उंची साडेचौदा हजार फूट. ज्या हिमालयाला मी आयुष्यभर वर्गात फळ्यासमोर उभा राहून नमस्कार केला, त्याच्या अंगावरून चालण्याचा योग सहासष्टाव्या वर्षी येत होता. जामसांवलीच्या मारुतीसमोर मी गुडघ्यांसाठी बळ मागितले. सोबत्यासाठी काही मागायला हवे होते, ते सुचले नाही.

सोबती म्हणजे माझ्या बहिणीचा, उषाचा मुलगा भूपेंद्र. पांढुर्ण्याचा, तिगावजवळ त्याची संत्र्यांची बाग आहे. वय पस्तीस, अंगाने दणकट, मनाने निर्मळ. एकट्याने जायचे नाही ही माझी पत्नी उर्मिला हिची अट होती, म्हणून तो आला. निघताना तिने मला आणखी एक सांगितले. पोरावर रागावलात तर खुशाल रागवा, पण तोंड बांधून बसू नका. माझ्या मौनाला आमच्या घरात असे म्हणतात.

पांढुर्ण्याच्या फलाटावर दिल्लीची गाडी आली आणि गेली, तेव्हा भूपेंद्र तिगावला बागेत होता. आंबिया बहाराची पहिली तोड नुकतीच सुरू झाली होती आणि त्याला डझनभर चांगली फळे निवडून आणायची होती. पिशवी घेऊन धावत आला तो म्हणाला, देवीच्या पुजाऱ्याकडे हात हालवत जायचं काय, मामाजी? पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती. एक दिवस गेला. दशमीला डोंगराच्या पायथ्याशी पावसाने अडवले. दुसरा दिवस गेला. आता चालायला लागणारे दिवस सोडले तर हातात जेमतेम एक दिवस उरला होता.

एकादशीला चिणगीची वाट धरली. आमचा वाटाड्या तुलेराम हा चिणगीचाच. दोन खेचरे, कमी बोलणे आणि एकसारखी चाल. देवदारांच्या सावलीतून वाट चढत होती, खाली नदीचा पांढरा धागा दिसे, आणि एखाद्या वळणावर अचानक हिमशिखर समोर उभे राही. अशा वेळी पाय आपोआप थांबावेत आणि हात जुळावेत. माझे हात जुळत, आणि डोळे उघडतो तो भूपेंद्र मागे नसे. एकदा तो अर्ध्या तासाने सापडला, एका शेतकऱ्याच्या सफरचंदाच्या झाडावर चढलेला, हातात छाटणीची कात्री. "पूर्ण चुकीची फांदी छाटून राहिले होते हे लोक," तो वरूनच म्हणाला. "तुम्ही चालत राहा ना मामाजी, मी येतोच." खाली त्या शेतकऱ्याची बायको त्याच्यासाठी चहा घेऊन उभी होती.

चिणगीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. द्वादशीला पहाटे पाचला निघायचे ठरले. मी चारलाच स्नान करून बसलो. भूपेंद्र सातला उठला. मी घड्याळ दाखवले, तेव्हा आळस देत त्याने सांगितले की पहाड कुठे पळून चाललेला नाही. मी उत्तर दिले नाही. नंतर त्याने चपातीबद्दल विचारले, बुटांबद्दल विचारले, तरी दिले नाही. माझे तोंड बांधले गेले होते. लहानपणापासून मी याला वाणीचे तप समजत आलो.

तुलेराम खेचरांवर सामान लादायला घरी थांबला. गावाच्या वरच्या ओढ्याशी त्याची वाट पाहा, असे त्याने सांगितले. आम्ही दोघे पुढे गेलो. ओढ्याच्या मधोमध दगडांची कंबरभर उंच रास होती आणि तिच्यात एक देवदाराचा खांब रोवलेला. खांबाला लाल झेंडा. भोवती थंड, वेगवान पाणी.

येथे पांढुर्ण्याची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे जाम नदीत मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून दगडगोट्यांचा मारा; म्हणून ही गोटमार. त्यातून जो झेंड्यापर्यंत पोचतो आणि तो काढतो, त्याचे गाव जिंकते. भूपेंद्र अठरा वर्षे त्या नदीत उतरत आला आहे. कपाळावर सात टाक्यांची खूण आहे. झेंड्याला हात एकदाही लागलेला नाही.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि लहान मुलासारखा हसला. "मामाजी, इथं तर सावरगावचं कोणीच नाही." बूट काढून त्याने विजार वर गुंडाळली.

मी पाहत होतो. तो पाण्यात चार पावले गेला, मग आठ. हे कोणा देवाचे ठाणे असणार, हे मला कळत होते. ज्याने आयुष्यभर देवतांची नावे पाठ केली त्याला न कळायला काय झाले? "थांब" हा एकच शब्द पुरला असता. तो माझ्या जिभेवर आला. पण सकाळपासून मी बोलत नव्हतो, आणि आधी मी बोलायचे म्हणजे हार. भूपेंद्र राशीवर चढला, त्याने पांढुर्ण्याच्या चंडीमातेचा जयजयकार केला आणि खांबावरचा झेंडा उतरवून डोक्यावर फिरवला. त्याच्या पायाखालचे दगड घसरले. खांब कलला आणि पाण्यात आडवा झाला.

शेतातल्या बायकांनी ते पाहिले. घटकाभरात गाव जमा झाले. कोणी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. ते अधिक जड गेले. आम्हाला देवळाच्या अंगणात नेऊन बसवले. देवाच्या सगळ्या व्यवहाराची देखरेख करणाऱ्या वृद्धाला तेथे कारदार म्हणतात. तो हिंदीत बोलला. तो झेंडा म्हणजे गावाच्या देवाने डोंगरवाटेवर ठेवलेली राखण होती. तो उभा असतो तोवर माणसे खिंडीत सुखरूप जातात. देवाची पालखी शेजारच्या गावी गेली होती, ती पौर्णिमेला परतणार. तिच्यासमोरच खांब पुन्हा रोवला जाईल. तोवर ज्याने झेंडा उतरवला त्याला आणि त्याच्या सोबत्याला वर पाऊल टाकता येणार नाही.

भूपेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने कारदाराचे पाय धरले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले की आमच्याकडे झेंडा काढण्यासाठीच लावतात. कारदाराने गोटमारीची हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले की कोणालाच काढता आला नाही तर काय करता. भूपेंद्र म्हणाला, मग दिवस मावळला की दोन्ही गावं मिळून काढतात आणि चंडीमातेला वाहतात. कारदाराने मान हलवली. यात शहाणपण आहे, पण दिवस मावळायच्या आधी का सुचत नाही, असे तो म्हणाला.

मग मी बोललो. पुष्कळ बोललो. दोष कर्त्याला लागतो, सोबत्याला नाही, असे शास्त्राधाराने मांडले. माझा मित्र अंध आहे, पौर्णिमेला तो कायमचा जाणार आहे, माझ्याकडे दुसरा दिवस नाही, हेही सांगितले. बेचाळीस वर्षांचा हिशेब मी त्या अंगणात परक्या माणसांसमोर ओतला.

"तुमचे म्हणणे रास्त आहे," कारदार शेवटी म्हणाला. "ज्याने पाहिले नाही त्याला आमचा देव अडवत नाही. तुलेराम नव्हता, तो मोकळा आहे. तुम्ही याला पाण्यात उतरताना पाहिले का? पाहिले नसेल तर उद्या पहाटे त्याच्याबरोबर जा."

भूपेंद्र माझ्याआधी बोलला. "नाही पाहिलं यांनी. मामाजी डोळे मिटून जप करून राहिले होते."

तुलेराम माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत विनंती होती की नाही म्हणा. उद्या निघालो असतो तर चतुर्दशीच्या संध्याकाळी मी देवीशरणच्या ओसरीवर असतो. त्याला उजेड कळतो, म्हणजे समोर आलेल्या माणसाची सावलीही कळली असती.

"पाहिले," मी म्हणालो. "आणि रागावलो होतो म्हणून थांबवले नाही."

आम्हा दोघांनाही पौर्णिमेपर्यंत राहावे लागेल आणि राशीसाठी प्रत्येकी एकवीस दगड नदीतून वाहून आणावे लागतील, एवढे सांगून कारदार उठला.

तुलेरामने संत्री आणि पत्र पोचवायचे कबूल केले. पत्र लिहायला बसलो आणि तेथेही वाट बंद. संस्कृतात लिहिले तर देवीशरणला वाचता येणार नाही आणि नातवाला कळणार नाही. हिंदीत त्याला मी एक ओळही कधी लिहिली नव्हती. तीन कागद फाडले. शेवटी तुलेरामला म्हटले, जे घडले ते सगळे सांग, काही लपवू नकोस. त्रयोदशीला पहाटे तो खिंडीकडे गेला, आणि आम्ही दगड वाहू लागलो.

माझे एकवीस दगड भूपेंद्र उचलू पाहत होता, पण ते चालणार नव्हते. गुडघे दुखत. ज्या बळासाठी मारुतीला साकडे घातले ते या कामी खर्च होत होते. भूपेंद्र दगड हातात घेऊन सवयीने आधी तोलून पाही, फेकायला कसा आहे ते. मग ओशाळून खाली ठेवी. वर तीनही दिवस आकाश निरभ्र होते आणि खिंड इतकी स्पष्ट दिसे की हात लांबवावा. असे हवामान महिन्यात चार दिवस मिळते, असे गावकरी आम्हाला अगत्याने सांगत.

पौर्णिमेला पालखी आली, ढोल वाजले, खांब उभा राहिला. भूपेंद्रने झेंड्याला हात लावला नाही, दुरूनच माथा टेकला. त्याच वेळी डोंगरापलीकडे एक दार बंद होत असणार.

तुलेराम प्रतिपदेला संध्याकाळी परतला. बाबाजींनी संत्रे दोन्ही हातांत धरून बराच वेळ हुंगले, तो सांगू लागला. मी का आलो नाही ते विचारले. त्याने झेंड्याचे सांगितले, माझ्या मौनाचे सांगितले. ते ऐकून ते इतके हसले की ठसका लागला, नातवाने पाणी दिले.

"मग म्हणाले, श्रीधरला सांग, अजून तसाच आहेस. आणि म्हणाले, स्टेशनवर मी तुझ्या बोलण्याची वाट पाहत नव्हतो. गाडी एकदाची सुटावी म्हणून उभा होतो. मलाही राग आलेला होता."

मी ते तुलेरामकडून दोनदा वदवून घेतले. शब्द तेच होते. बेचाळीस वर्षे मी जे ओझे वाहिले त्यातले अर्धे त्याचे होते, आणि हे मला एका वाटाड्याच्या तोंडून, खेचरांच्या घंटांच्या आवाजात कळत होते. ते हसू मला ऐकायचे होते. ओसरीवर बसून त्याला उलट उत्तर द्यायचे होते. ते उत्तर मला त्याच क्षणी सुचले, आणि आता ते द्यायला अंदमानापेक्षा जवळ कोणी नव्हते.

भूपेंद्र अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने भीत भीत विचारले, आता वाट मोकळी आहे, तर खिंड तरी पाहून यायची काय. मी म्हणालो, पहाटे चारला.

साडेतीनला मी दार उघडले तेव्हा तो ओसरीवर बसलेला होता. बूट चढवलेले, काठी हातात, माझी चपाती फडक्यात बांधलेली. ते पाहून माझ्या अंगाचा असा भडका उडाला, जसा गेल्या पाच दिवसांतही उडाला नव्हता. ही वेळ त्याला द्वादशीला साधली असती तर! आणि या खेपेला मी तोंड बांधले नाही. त्याला जे जे सांगायचे होते ते सांगायला सुरुवात केली, पांढुर्ण्याच्या फलाटापासून. तो पुढे चालत होता आणि हो मामाजी, हो मामाजी म्हणत होता. ओढा ओलांडला, देवदार संपले, गवत संपले, बर्फ लागले, तरी माझे संपले नव्हते.