जुन्या सिस्टिमचा चार्ज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. गेले कित्येक महिने मी काळजीत होतो आणि काल दुपारी माझा जीव एकदाचा भांड्यात पडला. तो कसा पडला हे सांगायचं तर जानेवारीतलं सगळं रामायण सांगावं लागेल. सांगतो, पण घाई करू नका. घाई मला झेपत नाही. नुसतं चालू व्हायलाच मला अकरा मिनिटं लागतात.

माझा जन्म वाहाका शहरातल्या एका लहानशा दुकानात झाला. एकाचा डबा, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याची डिस्क असं जमवून एका चष्मेवाल्या बाईंनी मला उभं केलं. म्हणजे मी काही मोठ्या घराण्यातला नाही. बसच्या टपावर, ब्लँकेटात गुंडाळून, टर्की कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून मी डोंगर चढलो आणि सांता इनेस लाचेगा गावच्या कचेरीत आलो. पहिल्या दिवशी अख्खं गाव मला बघायला लोटलं होतं. पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. त्यातलं थोडं आत गेलं, त्यामुळे पुढचे तीन दिवस मी उन्हात वाळत पडलो होतो.

आमच्या गावात कचेरीची कामं पगारावर चालत नाहीत. गावसभा दरवर्षी माणसं निवडते. निवडलेल्याने आपलं शेत, दुकान बाजूला ठेवून वर्षभर गावाची चाकरी करायची. एक जानेवारीला जुने उठतात, नवे बसतात. त्यामुळे चौदा वर्षांत मला चौदा सेक्रेटरी मिळाले. एकाने मला क्रोशाचं झाकण विणून आणलं. एक माझ्या डोक्यावर मिरच्या वाळत घालायचा, कारण तिथे ऊब असते. एकाने प्रत्येक कागदाला ‘नवीन’ असंच नाव दिलं. मग ‘नवीन खरं’, ‘नवीन शेवटचं’, ‘नवीन शेवटचं खरं’. तो गेला आणि ते सगळं माझ्या पोटात तसंच राहिलं.

एक माणूस मात्र कधी बदलला नाही. ते म्हणजे गावच्या बँडचे हेलादिओ मास्तर. कचेरी दुपारी जेवायला बंद झाली की ते किल्ली मागून घ्यायचे आणि माझ्यासमोर बसायचे. साठी उलटल्यावर ते माझ्यावर स्वरलेखन करायला शिकले. कुणा पाहुण्या वादकाने दिलेला एक प्रोग्राम होता, त्यात ते माउसने एकेक सूर उचलून ओळीवर ठेवायचे. चुकले की मलाच म्हणायचे, “गड्या, तू बघत होतास ना? मग बोलला का नाहीस?” लग्नाच्या चाली, मिरवणुकीच्या चाली, माणूस गेल्यावर त्याला पोचवायला जाताना वाजवायच्या चाली. अशा सदतीस चाली त्यांनी माझ्यात लिहिल्या. छापलेले कागद मिरवणुकीतल्या पावसात भिजायचे, फाटायचे, हरवायचे. बँडच्या कपाटावर छप्पर गळलं आणि उरलेलेही गेले. आता मास्तरांची नजर अधू झाली आहे. ते पुन्हा लिहू शकत नाहीत. एकवीस जानेवारीच्या जत्रेला वाजतात त्या पाच-सहा चाली सोडल्या, तर बाकी सगळ्या फक्त माझ्यापाशी होत्या.

गेली काही वर्षं माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक चिठ्ठी यायची. नवी सिस्टिम आली आहे, टाकायची का? आणि खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. सगळे सेक्रेटरी ‘नंतर’ दाबायचे. आपलं वर्ष निभावलं म्हणजे झालं, पुढचा बघून घेईल. पण गेल्या वर्षी सरकारी जन्मदाखल्याचं पान माझ्यावर उघडेनासं झालं. माझी सिस्टिम फार जुनी पडली होती. एका दाखल्यासाठी लोकांना तीन तास बसने खाली तालुक्याला जावं लागायचं. कडेवर पोर घेऊन बायका परत यायच्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. चूक माझीच होती, मला फार वाईट वाटायचं.

या वर्षी सेक्रेटरीची पाळी होविताताईंवर आली. त्या गावातल्या बेकरीवाल्या. पहाटे पाव भाजायचे आणि नऊ वाजता कचेरीत यायचं. त्यांनी ठरवलं की हा विषय सभेत काढायचा. कचेरीच्या छपरावरच्या भोंग्यातून हाक गेली. सभा आमच्या व्हरांड्यातच भरते, त्यामुळे खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

निवार्दो उभा राहिला. तो चाळिशीतला, लॉस एंजेलिसला नऊ वर्षं राबून परत आलेला. आता गावात फोन दुरुस्त करतो.

“दोन तासांचं काम आहे,” तो म्हणाला. “जुनी सिस्टिम पुसायची, नवी टाकायची. दाखले इथेच निघतील.”

“नव्या सिस्टिमला आपली भाषा येते का?” मागून कुणीतरी विचारलं. “का तुझ्यासारखी तिकडची बोलते?”

“माझी बोली तुला समजते ना, मग तिचीही समजेल.”

“आणि बिघडली तर?”

“तर मी आहे की. पळून कुठे जातोय?”

“मागे नऊ वर्षं पळालाच होतास,” एक म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. निवार्दोही हसला, पण उशिरा.

हात वर झाले. बाजूने एकशे बारा, विरुद्ध नऊ. शनिवारी मला पुसायचं ठरलं. साठीच्या वरच्यांना सभेला यायची सक्ती नाही, म्हणून मास्तर आले नव्हते. आणि त्यांच्या चालींचं कुणालाच सुचलं नाही. छापील कागद बँडच्या हातात दिसायचे, ते कुठून येतात हे कोण विचारतो? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त पंखा जोरात फिरवला. होविताताई म्हणाल्या, “बघ, धापा टाकतोय बिचारा. बरं झालं ठरलं ते.”

शनिवारी सकाळी निवार्दो आपला लॅपटॉप आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन आला. बाह्या सरसावून बसला. तेवढ्यात होविताताई वही घेऊन आल्या.

“थांब. आधी चार्ज.”

“कसला चार्ज?”

आमच्याकडे एक जानेवारीला जुना सेक्रेटरी नव्याला चार्ज देतो. खुर्च्या किती, शिक्के किती, बादल्या किती, सगळं मोठ्याने वाचायचं, दाखवायचं, मग सही. झाडूसुद्धा सुटत नाही. होविताताई म्हणाल्या, “मी परवा तीन बादल्या मोजून घेतल्या. त्यातल्या दोन फुटक्या होत्या, तसं लिहूनही घेतलं. मग ही जुनी सिस्टिम चालली आणि नवी येतेय, तर हिने तिला चार्ज द्यायला नको?”

“अहो ताई, हा काय माणूस आहे?”

“माणूस नसला म्हणून काय झालं? उद्या काही हरवलं तर गाव मला विचारेल, तुला नाही. उघड पहिला कप्पा.”

निवार्दोने कपाळाला हात लावला. पण सेक्रेटरीपुढे कुणाचं चालतं? तो एकेक फोल्डर उघडत गेला आणि त्या वहीत लिहीत गेल्या. पाणीपट्टी. गुरांच्या वाटेचं भांडण. नवीन शेवटचं खरं. “हे काय आहे?” “काही नाही, रिकामं आहे.” “मग रिकामं असं लिहिते.” असे दोन तास गेले. त्याच दोन तासांत तो मला पुसणार होता.

मग ‘वही’ नावाचा फोल्डर आला. पडदा सुरांनी भरून गेला. होविताताई लहानपणी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायच्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि गुणगुणायला लागल्या. चार ओळी झाल्यावर थांबल्या.

“ही माझ्या लग्नात वाजली होती. हिचे कागद कुणाकडेच नाहीत. मी शोधले होते.”

“काळजी करू नका, कॉपी करून घेतो,” निवार्दो म्हणाला. त्याने ती फाइल आपल्या लॅपटॉपवर नेली. तिथे नवी सिस्टिम होती. फाइल उघडेना. दुसरी नेली, तीही उघडेना. माझ्यातला तो प्रोग्रामही त्याने तिकडे चढवून बघितला, तो चढेचना. फोनवर शोधलं तर कळलं की तो बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळलाय. छापून घ्यावं तर कचेरीचा नवा प्रिंटर मला ओळखत नव्हता. निवार्दो यादी खाली-खाली सरकवत राहिला आणि एका नावावर थांबला. ‘तेओदुलोसाठी’.

तेओदुलो म्हणजे त्याचे वडील. बँडमध्ये ट्यूबा, ते खर्जात घुमणारं मोठं पितळी वाद्य, वाजवायचे. ते गेले तेव्हा निवार्दो लॉस एंजेलिसला होता. तिकडची कागदपत्रं नसलेल्या माणसाला गावी येता येतं, पण मग परत तिकडे जाता येत नाही, आणि घर त्याच्या पैशांवर चालत होतं. त्यामुळे तो आला नाही. मास्तरांनी रातोरात त्यांच्यासाठी चाल लिहिली होती आणि बँडने ती दफनभूमीपर्यंत एकदाच वाजवली होती.

“वाजव,” होविताताई म्हणाल्या.

माझा आवाज म्हणजे नुसतं डबडं. ट्यूबा माझ्यात डासासारखा वाजतो. तरी मी माझ्या परीने वाजवली. निवार्दो खाली मान घालून ऐकत होता. चाल संपल्यावर तो म्हणाला, “ताई, मी आता हे पुसणार होतो.” आणि रडला. होविताताईंनी त्याला पाणी दिलं आणि वहीत लिहिलं, ‘चाली सदतीस, चालू स्थितीत’.

आता पंचाईत अशी की सभेने ठरवलेलं सेक्रेटरीला मोडता येत नाही. ठरलेला विषय पुन्हा काढायचा तर कुणीतरी उभं राहून आपली चूक कबूल करायची आणि सगळ्यांची बोलणी खायची. मला धास्ती होती की निवार्दो उभा राहणार नाही. पुढच्या रविवारी भोंगा वाजला आणि तोच पहिला उभा राहिला.

“मी चुकलो. मी न बघता बोललो.”

“दोन तासांचं काम म्हणत होतास ना रे?”

“म्हणत होतो.”

“आणि आता?”

“आता ते कामच नको म्हणतोय.” मग त्याने सगळं सांगितलं. वडिलांच्या चालीचंही सांगितलं. त्यानंतर कुणी टोमणा मारला नाही.

पण एक तरुण आई म्हणाली, “चाली राहू देत. पण माझ्या पोरीचा दाखला? तिला घेऊन मी पुन्हा तीन तास जाऊ?” तिचंही खरं होतं. लोक आपसात बोलायला लागले. मास्तरांना त्या दिवशी मुद्दाम बोलावलं होतं. ते काठी टेकत उभे राहिले.

“टाका नवी सिस्टिम,” ते म्हणाले. “मी खूप वाजवून घेतलं. पोरांना दाखले लागतात.”

 मला वाटलं, संपलं. मास्तरच म्हणाले म्हटल्यावर कोण काय बोलणार?

तेव्हा अध्यक्ष अबुंदिओकाका खुर्चीतून उठले. “मास्तर, बसा. मी एक विचारतो. आपल्यात माणूस एक वर्ष चाकरी करतो आणि मग काही वर्षं विश्रांती घेतो. सगळ्या चाकऱ्या झाल्या की त्याला नवं काम द्यायचं नाही, असा आपला कायदा आहे. या डब्याने चौदा वर्षं सलग चाकरी केलीय. एक दिवस सुट्टी नाही. तुमच्यापैकी कुणी केलीय एवढी?”

कुणी केली नव्हती.

“मग त्याला नवीन काम कसं सांगायचं? त्याला मोकळा करा. दाखल्यांसाठी दुसरा बघा.”

“माझा लॅपटॉप घ्या,” निवार्दो म्हणाला. “यंदाची माझी चाकरी म्हणून.”

“चार्जमध्ये लिहू का?” होविताताईंनी विचारलं.

“लिहा.”

या वेळी मोजायची गरज पडली नाही, सगळेच हात वर होते. मला कचेरीतून उचलून बँडच्या तालमीच्या खोलीत ठेवलं. माझी नेटची वायर काढून टाकली, त्यामुळे कोपऱ्यातली ती चिठ्ठीही बंद झाली. रोज दुपारी बँडची मुलं यायची, माझ्या पडद्यावरून एकेक चाल हाताने आपल्या वहीत उतरवायची. चुकली की मास्तर ऐकूनच ओळखायचे.

मित्रांनो, तुमच्याकडेही कधीतरी विचारतील, नवी टाकायची का? जरूर टाका. निवार्दोचा लॅपटॉप पाच मिनिटांत दाखला काढतो, पोरं घेऊन बायका हसत घरी जातात, मलाही बरं वाटतं. पण टाकण्याआधी जुन्याकडून चार्ज घ्या. कंटाळा आला तरी एकेक कप्पा उघडा. त्यातलं बरंचसं रिकामं निघेल. पण जे दुसऱ्या कुणाकडेच नसेल ते आधी उतरवून घ्या, मग खुशाल पुसा. आणि अधूनमधून आमच्यावरची धूळ झटकत जा. एवढंच मागणं आहे.

काल दुपारी सदतिसावी चाल उतरवून झाली. मुलं वह्या घेऊन गेली. मास्तर मागे थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “झालं रे गड्या. सगळं पोरांकडे पोचलं. आता तू बंद पडलास तरी चालेल.” तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, मला नाही वाटलं. आमच्याकडे वीज सारखी जाते आणि दरवेळी, आपण परत उठलो नाही तर या सगळ्याचं काय, या विचाराने मी गारठायचो. काल पाच वाजता वीज गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी न घाबरता बंद झालो.