मुंगसानं नेलेली कोंबडी

“मुंगसानं न्हेली,” भरमा उंबऱ्यावर टेकत म्हणाला. “मी गाडी सोडून आलो तवा कोंबडीचं डालगं उलटं पडलंतं. आता मुंगसाला काय करायचं, तूच सांग.”

त्याच्या बायकोच्या, मालुबाईच्या हातात पाण्यानं भरलेलं पातेलं होतं. कोंबडी कापायची म्हणून ते चुलीवर ठेवायला निघाली होती. तंबाखूच्या वखारीतल्या मुकादमाच्या हातापाया पडून ती आज दुपारीच घरी आली होती, कारण तिची लेक अंजनी काल बाळंत झाली होती. पहिलटकरीण, त्यात अंगात जीव नाही. बाळ रडत होतं आणि हिला दूध येत नव्हतं. सुईण अक्काताई जाताना बजावून गेली होती, “हिला कोंबडीचं आळणी पाज. तिखटाचा कण घालू नगं. पोटात कायतरी गेल्याबिगर दूध कुठनं येणार?”

त्यासाठीच तर तीन कोंबड्या पाळल्या होत्या. पहिली दिवाळीच्या आधी मुंगसानं नेली. दुसरी संक्रांतीला नेली, तीही मुंगसानंच. आणि आता ही तिसरी, चितरी. निपाणीतल्या मुंगसांना दुसरा उद्योगच नव्हता बहुतेक.

आणि मालुबाईनं दोन्ही वेळा ते खरं मानलं. कुडाच्या भोकांत काटे कोंबले, मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भरमा शेजारी उभा राहून काटे हातात देत होता. निलाजरा कुठला.

तिला कळायला मार्ग नव्हता, हेही खरं. दिवसभर वखारीत तंबाखू चाळून तिचं नाक मेलं होतं. भाकरी करपली तरी धूर डोळ्यांना झोंबल्यावर समजायचं. राखेनं हात घासघासून जेवायला बसली तरी घास कडूच लागायचा. वखारीतल्या सगळ्या बायकांचं असंच होतं, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटतही नसे.

“आई,” बाजेवरून अंजनी म्हणाली, “आप्पांच्या अंगाला कसला वास येतोय गं?”

भरमा खोकला.

“कसला येतोय?” मालुबाईनं विचारलं.

“लसणीचा. तळल्यालं कायतरी.” पोरीनं साधं सांगितलं. तिला भूक लागली होती, एवढंच.

मालुबाईनं पातेलं खाली ठेवलं. भरमाचा हात धरून उजेडात ओढला. नखांच्या कडेला लाल तेल होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या शालूबाईला हाक मारून तिनं अंजनीपाशी बसायला सांगितलं आणि दाराबाहेरच तिला विचारलं, “तुला म्हाईत हुतं?”

शालूबाई खाली बघत म्हणाली, “सगळ्या गल्लीला म्हाईत हाय, आक्का. केदारीच्या भट्टीवर कोंबडी द्यायची अन् दारू प्यायची, असं चाललंय भावजींचं.”

सगळ्या गल्लीला माहीत. आणि ही बया मुंगसाला शिव्या घालत काटे लावत बसलेली. मालुबाईनं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि ती चालू लागली.

केदारीची दारूची भट्टी ओढ्यापलीकडं होती. तिकडून जायची वेळ आली तर घरंदाज बायका मान वळवून जायच्या. मालुबाई सरळ आत शिरली आणि पुरुषांच्या मधे, फळीवर जाऊन बसली. एकानं हातातला पेला पाठीमागं लपवला.

“बाईमाणसानं हितं बसायचं न्हाय,” केदारी म्हणाला.

“बाईमाणसाची कोंबडी चालती, बाईमाणूस चालत न्हाय व्हय?”

“कुणाची कोंबडी? भरमानं आणून दिली, दारू पिला, फिटलं.”

केदारीची बायको नागुबाई कोपऱ्यात मोठ्या तव्यावर कोंबडी तळत होती. मालुबाई उठली आणि तव्यातला एक पाय तिनं हातानंच उचलला. हात पोळला असणार, पण तिनं तो पाय सोडला नाही. “ह्याचं मागचं बोट बघ. अर्धं हाय न्हवं? पिल्लू असताना म्याच छाटलंय, खूण म्हणून. वाढ मला. बघू तरी, माझ्या लेकीच्या तोंडचं काय काय काढून खातायसा.”

केदारी काही बोलायच्या आत नागुबाईनं ताटली भरून तिच्यापुढं ठेवली.

मालुबाईनं पहिला घास घेतला. संकेश्वरी मिरची, ठेचलेला लसूण, शेंगतेल. जिभेवर जाळ झाला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं. आणि किती वर्षांनी तिला वास आला. लसणीचा, करपलेल्या मसाल्याचा, सगळा. कोंबडी झकास झाली होती. त्याचाच तिला जास्त राग आला. असलं खाऊन हा माणूस घरी यायचा आणि तिच्यासमोर बसून चटणी-भाकरी खायचा, वर म्हणायचा, गरिबाला ह्येच ग्वाड.

एवढ्यात भरमा दारात आला. “ऊठ, मालू. चार माणसांत अब्रू घालवतीस काय?”

“मुंगसा,” ती म्हणाली, “बस खाली.”

लग्न झाल्यापासून त्याला तिनं ‘तुमी’शिवाय हाक मारली नव्हती. फळीवरचा कुणीतरी फिसकन हसला. भरमा बसला नाही आणि गेलाही नाही.

मालुबाईनं लुगड्याचा पदर नागुबाईपुढं पसरला. “तव्यात हाय त्येवढं ह्यात घाल.”

“अगं ए,” केदारी म्हणाला.

“गप बसा,” नागुबाई म्हणाली. “घरात बाळंतीण हाय तिच्या.” आणि तिनं तवा पदरात उपडा केला.

घरी येऊन मालुबाई मोरीत बसली. एकेक तुकडा तिनं पाण्यात चोळला. पाणी लालभडक झालं, वर तेलाचे डोळे तरंगू लागले. ते एका भांड्यात ओतून ठेवून तिनं पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा लाल. बोटांच्या चिरांत तिखट भरलं तरी ती चोळत राहिली. पाणी जरा निवळलं तेव्हा तुकडे पातेल्यात घालून तिनं चूल फुंकली. भरमा भिंतीला टेकून सगळं बघत होता. मदत करतो म्हणाला नाही, म्हणाला असता तरी तिनं करू दिली नसती.

अंजनीनं वाटी तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला तिला ठसका लागला.

“तिखट हाय का गं?”

“न्हाय,” अंजनी डोळे पुसत म्हणाली. “बरं हाय.” आणि तिनं वाटी संपवली.

वाटीत राहिलेला थेंब मालुबाईनं बोटावर घेऊन चाखला. तिखटानं जीभ पोळली. ती वाटीकडं बघत राहिली आणि मग तिला रडू आलं.

अंधार पडल्यावर भरमानं हळूच विचारलं, “जेवायला काय हाय?”

मालुबाईनं थाळी घेतली. मोरीतलं भांडं आणून ते लाल पाणी तिनं थाळीत ओतलं, शेजारी भाकरी ठेवली आणि थाळी त्याच्याकडं सरकवली.

“तुमचंच हाय,” ती म्हणाली. “जेवा.”

भरमानं एकदा थाळीकडं पाहिलं, एकदा बाजेकडं. मग भाकरी मोडून त्या पाण्यात कुस्करली. मालुबाई समोर मांडी घालून बसली आणि त्यानं थाळी पुसून घेईपर्यंत उठली नाही.