वजनाला जड झालेली मागची सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. पुढची नव्हे, मागची. पुढच्या सीटवर चालक बसतो, म्हणून तिला मान. मागच्या सीटवर माणसं घोरतात, मुलं ओकतात, भाजीच्या पिशव्या आडव्या होतात. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, वर फोम, त्यावर काळं कापड आणि कापडाला लाल दोऱ्याची शिवण. लाल शिवण अशासाठी, की आमची गाडी साधी नव्हती. दिसायला घरगुती, छोटी; पण इंजिन असं दमदार की मोठ्या गाड्यांनी बाजू द्यावी. शौकीन लोक अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. शौकीन लोक पुष्कळ काही म्हणतात. त्यांना दुसरं काम नसतं.

आमचा शौकीन म्हणजे पनवेलजवळच्या ओवे गावचा हितेश. त्याचा बाप तुळशीराम भातशेती करून मोठा झालेला माणूस. पुढे शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, घरात भाडी येऊ लागली आणि हितेशच्या हाताला काही काम उरलं नाही. रिकाम्या हातात पाना आला, तो माझ्या नशिबाने.

पहिलं वर्ष बरं गेलं. तुळशीराम आणि त्याची विधवा बहीण गोदू माझ्यावर बसून पनवेलच्या बाजारात जात. गोदू खिडकीला नाक लावून बसायची आणि वाटेतल्या प्रत्येक नव्या इमारतीला नावं ठेवायची. आमचं छान जमायचं.

मग हितेशला निकेश नावाचा मित्र भेटला. त्याने त्याला घाटापलीकडच्या एका छोट्या रेसिंग ट्रॅकवर नेलं. तिथून परतलेला हितेश मला ओळखू येईना. आधी सायलेन्सर बदलला. नवा असा ओरडायचा, की गल्लीतली कुत्रीसुद्धा लाजून उठून जायची. मग स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली. पुढे टपासारख्या खोल सीटा आल्या, मागे डिकीवर भलामोठा पंख आला. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, ट्रॅकवर ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल बदलत राहा. पण ब्रेक ऑइल फोटोत दिसत नाही. हितेशने त्याऐवजी पंखावर स्टिकर लावले.

एके दिवशी दोघांनी माझे बोल्ट सोडले. गोदू पडवीतून बघत होती.

"रं, ही कशाला काढतंस? आमी बसाचं कुठं?"

"आत्या, गाडी हलकी करतोय. वजन कमी झालं की पिकअप वाढतो."

गोदूने त्याच्या सुटलेल्या पोटाकडे शांतपणे पाहिलं. "हलकीच कराची हाय, त तू उतर ना."

निकेश हसला, हितेशने न ऐकल्यासारखं केलं. माझे बोल्ट आणि पट्टे भंगारात गेले. मला पडवीच्या भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवशी तुळशीराम रिक्षाने बाजारात गेला.

पडवीत मला सगळं ऐकू यायचं. ट्रॅकवरून आले की दोघं माझ्यावरच बसून गप्पा ठोकायचे. याला मागे टाकलं, त्या वळणाला ब्रेकच मारला नाही! मारला असता तरी लागला असता की नाही, ते गाडीलाच ठाऊक. असल्या शूरांचा भार वाहण्यापेक्षा भाजीच्या पिशव्या बऱ्या.

आणि मग ती दुपार आली. जेवून उठताना तुळशीरामच्या छातीत कळ आली. घामाने अंगरखा भिजला. तो पडवीत आला आणि माझ्यावर कोसळला. घरची मोठी गाडी घेऊन थोरला मुलगा अलिबागला गेलेला. अँब्युलन्सला फोन केला, तर महामार्गावर न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरची रांग लागलेली. वेळ लागेल म्हणाले.

"माझ्या गाडीत घ्या," हितेश ओरडला.

घेतलं खरं. पण तुळशीराम रुंद हाडाचा माणूस. त्या खोल सीटमध्ये उतरवताना त्याचे गुडघे छातीला लागले, श्वास आणखी कोंडला. मागे आडवं करावं तर नुसता पत्रा.

"बाहेर काढ त्याला," गोदू म्हणाली. "मारतंस काय बापाला?"

शेजारचा कल्पेश पाण्याच्या जारचा टेम्पो चालवतो. त्याने भराभर जार उतरवले. गोदूने माझ्याकडे बोट केलं. "ही टाक वरती. हिच्यावर निजव दादाला."

मला हौद्यात ठेवलं, माझ्यावर तुळशीरामला. गोदू शेजारी बसली. आणि आमचे शूरवीर हितेशराव काय करतात, तर वाट मोकळी करायला स्वतःची गाडी घेऊन पुढे निघतात. गावाबाहेर पडायच्या आधीच एक गतिरोधक आहे. रिक्षा, सायकली, म्हशी, सगळ्या त्यावरून जातात. फक्त ती गाडी गेली नाही. पोट टेकलं, पुढची चाकं फिरत राहिली आणि सायलेन्सर बोंबलत राहिला. मागे आमचा टेम्पो अडकला. मी तुळशीरामचा श्वास मोजत होते. त्या श्वासांमध्ये आता फार अंतर पडत होतं.

हितेश उतरला. चार माणसांनी मिळून गाडी उचलून बाजूला ठेवली. त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. टेम्पोत चढला, माझ्या पायाशी पत्र्यावर बसला आणि बापाचं डोकं हाताने धरून राहिला.

"बाबा, पोचतो आपण. बाबा, ऐकताय ना?"

तुळशीराम वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. यात हितेशचं काही कर्तृत्व नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं असावं, कारण घरी आल्यावर त्याने कोणालाच ती हकिकत सांगितली नाही.

तो पनवेलच्या दुकानांतून बोल्ट आणि पट्टे शोधून आला. गाडी पुन्हा उंच केली, ब्रेक ऑइल बदललं, घासलेले टायर टाकून दिले. माझी धूळ झाडून मला जागेवर बसवलं. मग बापासमोर उभा राहिला. "बाबा, विकून टाकतो ही."

"विकू नको," तुळशीराम म्हणाला. "नीट ठेव. आनी तिकडं करतंस काय, ते एकदा आमाला दाखव."

बाप बरा झाल्यावर हितेश दोघांना ट्रॅकवर घेऊन गेला. डॉक्टरांची परवानगी नसल्याने तुळशीराम सावलीत खुर्ची टाकून बसला. गोदू मात्र ऐकेना. डोक्यावरचा पदर सावरून तिने हेल्मेट चढवलं, पट्टा लावून घेतला आणि माझ्या मधोमध बसली. हितेशने काच सांभाळत आणावी तशी गाडी एका फेरीत फिरवून आणली.

"झाला?" गोदूने विचारलं.

"झालं, आत्या."

"येवढ्यासाठी मना घरात बसवलीस? मंग जोरात त चालव."

हितेशने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि पाय दाबला. पहिल्या वळणाला गाडी रस्त्याला चिकटून वळली. ब्रेक वेळेवर लागले. गोदू माझी कड घट्ट धरून मोठ्याने हसली, आणि मित्रांनो, मान्य करायला जिवावर येतं, पण मलाही मजा आली.

तरीही शौकिनांबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. गाडी पळवायची असेल तर जरूर पळवा. आधी तिचे ब्रेक बघा, टायर बघा, तेल बघा, पंख नंतर. आणि वजन कमी करायला काही उपटून टाकणार असाल, तर त्या जागेवर रोज कोण बसतं, एवढं तरी विचारून घ्या.