तीन शब्दांचा प्रबंध

जबलपूरच्या कॉलेजात मी बी.ए.ला कलेचा इतिहास घेतला, तेव्हा तो काय प्रकार आहे हे आमच्या गावात कुणालाच कळलं नाही. मलाही फारसं कळलं नव्हतं, पण ते मी बोलून दाखवलं नाही. "चित्रं काढतेस का वं?" जो तो विचारी. नाही, दुसऱ्यांनी केलेली बघते, असं मी सांगितलं की लोक माझ्या बाबांकडे कीव केल्यासारखे बघत. माझं डोकं फिरायचं. बाबा मात्र शांत. "पाह्याले बी शिका लागते," एवढंच म्हणायचे.

तिसऱ्या वर्षाला, १९६८ साली, वर्गात आम्ही तिघंच उरलो आणि कॉलेजने विषयच बंद करायचं ठरवलं. आमची शेवटची तुकडी. नापास झालो तर परत बसायला पेपरच नव्हता.

शेवटच्या पेपराऐवजी एक लहानसा प्रबंध लिहायचा होता, आपापल्या भागातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर. मी आमच्या तलावावरचा दगड घेतला. बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याच्या पुढे दोन कोसांवर आमचं गाव, आणि त्या दगडाला गावातल्या म्हशी अंग घासायच्या. मी स्वतः त्याच्या मांडीवर कपडे वाळत घातलेले. सुट्टीत नीट बघितलं तर तो बुद्ध होता. नाक तुटलेलं, एक हात गेलेला, आणि खाली बैठकीवर नखाने ओढल्यासारखी, जुन्या लिपीतली एक बारीक ओळ. दोन दिवस उन्हात पालथी पडून मी ती वाचली. तीनच शब्द होते. उपासिका नागदत्तेचं दान.

जबलपूरला परतल्यावर सर म्हणाले, वहीत उतरवलेलं चालणार नाही. ओला कागद ओळीवर थापून शाईने ठसा घ्यावा लागतो. ठसा नसेल तर प्रबंध नाही. मग तेच म्हणाले की मी येतो, ठसा घेऊ. मी आनंदाने घरी पत्र लिहिलं: तलावावरचा दगड म्हणजे आपला बुद्ध आहे, तेराशे वर्षांचा, आणि पुढच्या रविवारी सर त्याला बघायला येताहेत.

बारा वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि घरातले सगळे देव त्याच तलावात सोडले होते. तेव्हापासून कोनाड्यांत कॅलेंडरातून कापलेली बुद्धाची एक तसबीर, बस. अशा लोकांना मी कळवलं की बुद्ध तुमच्याच दारात बसलाय आणि पाहुणे त्याला भेटायला येताहेत. काय होणार ते मला कळायला हवं होतं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे भिंतीसुद्धा तशाच ठेवत नाहीत.

छोट्या रुळांच्या रेल्वेने लामत्याला उतरून बैलगाडीने सर आणि मी पोचलो, तर सगळा मोहल्ला पांढरे कपडे घालून तलावावर उभा, बायका गाणं म्हणताहेत. मधे बुद्ध चमकत होता. पिवळं चीवर, गुलाबी गाल, लाल ओठ. सिमेंटचं सरळ नाक, सिमेंटचाच नवा हात. बैठक गुळगुळीत लिंपलेली आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं: भगवान बुद्ध. बालाघाटात दुकानांच्या पाट्या रंगवणारे पुनारामकाका हात बांधून उभे होते. "नाक जमलं ना बरोबर?" त्यांनी मला विचारलं.

सरांनी कागदाची गुंडाळी खाली ठेवली. "आनंदी, लेख कहाँ है?"

मी लिंपणाकडे बोट दाखवलं. मग मला आवरलंच नाही. "काहून केलं बाबा? कोणं सांगतलं होतं तुमाले?"

"साहेब येऊन राह्यले म्हणून केलं ना," बाबा गोंधळून म्हणाले. "आपला बुद्ध पाहुण्यायले असा तुटका दाखवाव का?"

त्या लिंपणाखाली माझी परीक्षा आहे, ती ओळ दिसली नाही तर मी नापास, असं मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. त्याची लाज मला अजून वाटते.

बाबांनी पुनारामकाकांकडून छन्नी-हातोडा मागून घेतला. म्हाताऱ्या शेवंताबाईने त्यांचा हात धरला. "टिकाराम, बुद्धावर हातोडा उचलतं का रे बाबू?"

"पोरीले पास व्हाचं हाय, मावशी," म्हणत बाबांनी हात सोडवला आणि गुडघ्यांवर बसले. पहिल्या घावाला निळी अक्षरं फुटली. बायकांचं गाणं थांबलं. बाबा हलक्या हाताने ठोकत होते, एकेक ढलपी काढून बाजूला ठेवत होते, आणि मागे कुणीतरी रडत होतं. शेवटी दगड उघडा झाला. सरांनी त्यावर पाणी मारलं, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. दगड सपाट होता.

माय माझ्या कानाशी आली. "पयले घासला होता वं," ती हळूच म्हणाली. "चार दिस, इटेनं अन् वाळूनं. बैठकीवर तं कोणंतरी लय खरडून ठेवलं होतं, जातच नव्हतं. मंग मीच बसली अन् काढलं." तिची बोटं सोलवटलेली होती.

बाबा घाम पुसत वर बघत होते. "दिसलं का वं आता?"

सर काही बोलणार, तेवढ्यात मी म्हणाले, "हौ बाबा. दिसलं."

बाबा हसले. पुनारामकाकांनी टाळी वाजवली आणि बायकांनी गाणं पुन्हा धरलं. सरांनी कोरा कागद गुंडाळला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. निकालाला दोन महिने होते. तेवढे दोन महिने मी घरी पास होते.